ध्रुवीय अस्वलं हिवाळा काढतात कशी? (रंकाळ्यावर लागलेली पैज)

रंकाळा_कट्टा

नमस्कार मंडळी,

सध्या कोल्हापुरात पहाटेला बरी थंडी पडलीय. आमचा सकाळचा ग्रुप रंकाळ्याची फेरी झाली की कट्ट्यावर टेकतो. तिथं थंडीवरनं विषय निघाला आणि फिरत फिरत पांढऱ्या अस्वलांवर गेला. एकाचं म्हणणं, ते अख्खा हिवाळा गुहेत झोपून काढतं, शाळेत शिकलेली शीतनिद्रा ती हीच. दुसरा म्हणतो, मग टीव्हीवर बर्फात हिंडताना दाखवतात ते कोण, त्याचा भाऊ काय? मिसळीची पैज लागली आहे आणि दोघंही ऐकायला तयार नाहीत.

झोपतं की नाही हे तर सांगाच, पण मला खरी उत्सुकता वेगळीच आहे. उणे चाळीसला ते गारठत कसं नाही? महिनोन्महिने अंधार असतो तिथं खातं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

जोतिबाचा_गुलाल

इथं चौदा डिग्रीला कानटोपी घालून फिरणाऱ्यांनी उणे चाळीसची चौकशी करावी! वाचतोय.

शंकासुर

शीतनिद्रेच्या धड्यात बेडूक, साप आणि अस्वल एकाच ओळीत बसवलेले असायचे, तिथनंच हा घोळ आहे. पण मलाही पक्कं उत्तर माहीत नाही. अळवाची_वडी ताईंना हाक मारा, त्यांचा विषय आहे.

अळवाची_वडी

हाक ऐकली. निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्रच शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

पैजेचा निकाल: मिसळ दोघांनी अर्धी अर्धी खावी. गरोदर मादी हिवाळाभर बर्फातल्या गुहेत राहते. नर, वयात न आलेली अस्वलं, मोठी पिल्लं सोबत असलेल्या माद्या, हे सगळे हिवाळाभर जागे असतात आणि समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागावर सील शोधत हिंडतात. फारच वादळ झालं तर तात्पुरता खड्डा उकरून त्यात पडून राहतात, वारा पडला की पुन्हा चालू लागतात.

यामागचं कारण साधं आहे. तपकिरी किंवा काळं अस्वल हिवाळ्यात झोपतं ते मुख्यतः खायला काही मिळत नाही म्हणून. फळं, मुळं, किडे, मासे सगळं संपलेलं असतं, मग खर्च कमी करून पडून राहणं परवडतं. ध्रुवीय अस्वलाचं गणित निराळं. त्याचं अन्न म्हणजे सील, त्यातही मुख्यतः रिंग्ड सील आणि त्याहून मोठा बिअर्डेड सील. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही, त्याला उभं राहायला बर्फ लागतो. म्हणजे थंडी पडून समुद्र गोठला की त्याचं दुकान उघडतं. त्या वेळी झोपून कसं चालेल?

रिंग्ड सील बर्फाखाली राहतो, पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. पुढच्या पायांच्या नखांनी खरवडून तो बर्फात भोकं उघडी ठेवतो, अशी कितीतरी. अस्वल वासावरून भोक हुडकतं आणि त्याच्या कडेला पोटावर पसरून किंवा निश्चल उभं राहून वाट बघतं. तासन्‌तास. सील नेमका दुसऱ्याच भोकाला गेला तर सगळी वाट बघणं फुकट, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. आला तर एका झटक्यात दात आणि पंजा. या कामाला उजेड लागत नाही, नाक आणि कान लागतात, म्हणून अंधाराचा बाऊ आपणच जास्त करतो.

पकडल्यावर चांगल्या खात्यापित्या अस्वलाचं पहिलं लक्ष चरबीवर असतं. मांस बऱ्याचदा टाकून देतं, मग मागोमाग फिरणारे आर्क्टिक कोल्हे त्यावर ताव मारतात. चरबी पचताना शरीरात पाणीही तयार होतं. बर्फ खाऊन तो वितळवायला उष्णता घालवावी लागते, ती त्यामुळे वाचते.

गुहेतल्या मादीबद्दल रात्री लिहिते, ती गोष्ट मोठी आहे.

रंकाळा_कट्टा

ताई, एक नंबर! पैजवाल्या दोघांना पाठवलं. दोघंही म्हणतात "मी म्हणत होतो की नाही".

दाजीपूरकर

ताईंच्या मुद्द्याला आपल्याकडची पुस्ती जोडतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात गव्याच्या नावाखाली बाकीचे प्राणी झाकले जातात, पण तिथं अस्वलही आहे. आपलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. वाळवी, मुंग्या, मध, उंबर, जांभूळ, काही ना काही बारा महिने मिळतं, मग झोपायचं कशाला? मादी मात्र पिल्लं झाल्यावर काही काळ गुहेत राहते आणि नंतर पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. म्हणजे गुहा ही थंडीपेक्षा बाळंतपणासाठी, हे दोन्हीकडे सारखंच निघालं की.

अळवाची_वडी

दाजीपूरकर, अगदी हेच म्हणायचं होतं.

तर मादीची गोष्ट. नर-मादीचा समागम वसंतात होतो, साधारण एप्रिल-मे. पण फलित झालेलं बीज लगेच गर्भाशयात रुजत नाही. काही पेशींचा गोळा होऊन ते नुसतं थांबून राहतं, थेट शरद ऋतूपर्यंत. त्या मधल्या काळात मादी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवते, वजनात दोनशे किलोपर्यंत भर पडू शकते. शरदात शरीराकडे पुरेसा साठा असेल तर गर्भ रुजतो, नसेल तर तो विरून जातो आणि त्या वर्षी बाळंतपणच नाही. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर असं दिसलं आहे की शरदात साधारण १९० किलोच्या खाली असलेल्या मादीला पिल्लं होत नाहीत. निसर्गाचा इतका कडक जमाखर्च मी दुसरीकडे फार कमी पाहिला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला ती वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या ढिगात गुहा खोदते. आत जायला अरुंद बोगदा, पुढे अंग वळवता येईल एवढी खोली, वर हवेसाठी बारीक झरोका. बोगद्याचं तोंड बर्फ पडून बुजतं. बर्फात हवा अडकलेली असते, तीच राखण करते. बाहेर कितीही कडाका असो, आत मादीच्या अंगाच्या उबेने तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त राहू शकतं.

पिल्लं बहुधा डिसेंबरच्या आसपास जन्मतात, बहुतेक वेळा दोन. वजन जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम, डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. आणि आई दोनशे-तीनशे किलोची! मार्च-एप्रिलमध्ये गुहा फोडून बाहेर येतात तेव्हा तीच पिल्लं दहा-बारा किलोची झालेली असतात. एवढं सगळं आईच्या दुधावर, आणि त्या दुधात साधारण तीस टक्के फॅट.

या काळात मादी खात नाही, पीत नाही, लघवी-शौच करत नाही. लघवीवाटे जायचा युरिया शरीर पुन्हा प्रथिनं बनवायला वापरतं, म्हणून इतके महिने पडून राहूनही स्नायू फारसे झिजत नाहीत. पण ही गाढ शीतनिद्रा नव्हे. खारींच्या काही जातींचं अंग शून्याच्या आसपास गार पडतं, तसं इथं होत नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराचं तापमान थोडंसंच उतरतं. उतरून कसं चालेल, पिल्लांना ऊब तिच्याच अंगाची. धोका वाटला तर ती चटकन जागी होते.

पैलवान_५७

तीस टक्के फॅट!! ताई, आमच्या गंगावेशीत रात्री म्हैस समोर पिळून धारोष्ण ग्लास हातात देतात, त्याला सात टक्के असलं तरी आम्ही मिशीला पीळ देतो. हिच्या दुधात चौपट! तालमीतली पोरं ऐकली तर कॅनडाचं तिकीट काढतील.

एक खरा प्रश्न. निव्वळ चरबी खाऊन याला हार्ट अटॅक कसा येत नाही? आमचे डॉक्टर तर तुपाचं नाव काढू देत नाहीत.

अळवाची_वडी

पैलवान, प्रश्न चांगला आहे. २०१४ साली ध्रुवीय आणि तपकिरी अस्वलांच्या जनुकांची तुलना करणारा मोठा अभ्यास आला. रक्तातली चरबी वाहून नेण्याशी संबंधित जनुकांमध्ये, विशेषतः एपीओबी नावाच्या जनुकात, ध्रुवीय अस्वलात ठळक बदल सापडले. हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित इतर जनुकांतही. त्या अभ्यासानुसार दोन्ही जाती वेगळ्या होऊन पाच लाख वर्षंसुद्धा झालेली नाहीत, उत्क्रांतीच्या हिशोबात हे फार थोडं. म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असूनही त्याचा निचरा लावायची सोय त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. तुमच्याकडे ती नाही, तेव्हा डॉक्टरांचं ऐका.

शंकासुर

आता थंडीवर या. मी ऐकलंय की त्याचे केस म्हणजे ऑप्टिकल फायबर असतात, ऊन आत घेऊन थेट कातडीपर्यंत पोचवतात, आणि कातडी काळी असल्यामुळे ती उष्णता शोषते. व्हॉट्सअॅपवर चित्रासकट आलं होतं.

भौतिकचा_मास्तर

शंकासुर, व्हॉट्सअॅपच्याही आधीपासून ही दंतकथा फिरते आहे आणि ती काही काळ चांगल्या चांगल्या पुस्तकांतही होती. कल्पना देखणी आहे ना, म्हणून चिकटली.

तथ्य एवढं: कातडी खरंच काळी. केस पांढरे दिसतात पण त्यांत रंगद्रव्य नाही, ते पारदर्शक असतात. वरचे लांब राखण-केस आतून पोकळ. प्रकाश या केसांवर आणि पोकळीच्या भिंतींवर आपटून सगळीकडे विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरा दिसतो. पण केसाच्या एका टोकाला पडलेला प्रकाश दुसऱ्या टोकापर्यंत जातो का? डॅनियल कून या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने हे मोजलं आणि १९९८ मध्ये छापलं. काही मिलिमीटरमध्येच प्रकाश जवळजवळ सगळा संपतो. अतिनील किरण तर केसातलं केराटिनच गिळून टाकतं.

आणि थोडा साधा विचार करा. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांसारख्या ठिकाणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. ऊब सर्वांत जास्त लागते तेव्हा ऊनच नाही, मग सौर हीटर काय कामाचा?

गरम ठेवतात त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, त्यामुळे त्यांचे फॉरवर्ड येत नाहीत. कातडीखाली चरबीचा थर, काही ठिकाणी दहा सेंटिमीटरपर्यंत. त्यावर दाट बारीक लोकर, त्यावर लांब केस, आणि या सगळ्यात अडकलेली स्थिर हवा. कान छोटे, शेपूट नावापुरती, म्हणजे उष्णता निसटायला जागा कमी. देह अवाढव्य, नर साडेतीनशे ते सहाशे किलोचा, आणि आकार जितका मोठा तितकं वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी. उष्णता इतकी आत राहते की थर्मल कॅमेऱ्याला त्याचं अंग आजूबाजूच्या बर्फाइतकंच थंड दिसतं. चेहरा तेवढा उजळतो.

उलट अडचण अशी की ते पटकन तापतं. जोरात पळालं तर लगेच दमछाक, म्हणून चाल कायम संथ.

जोतिबाचा_गुलाल

मास्तर, पोकळ केसात पाणी शिरलं तर?

भौतिकचा_मास्तर

पाणी नाही, शेवाळ शिरलेलं आहे! १९७८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सान दिएगो प्राणिसंग्रहालयातली अस्वलं हिरवी दिसायला लागली. आधी वाटलं बाहेरनं लागलं असेल, मग सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की शेवाळ केसांच्या पोकळीत वाढतंय. मिठाच्या पाण्याने ते घालवलं. आर्क्टिकच्या थंडीत हा प्रश्न येत नाही.

पाण्याचा खरा प्रश्न वेगळा. हे अस्वल उणे तापमानात समुद्रात उडी मारतं, बाहेर येतं, अंग झटकतं, आणि केसांना बर्फ चिकटत नाही. असं का, याचं उत्तर २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. केसांवरचं नैसर्गिक तेल धुऊन काढलं तर बर्फ घट्ट चिकटतो, तेलकट केसांवरून सहज निसटतो. माणसाच्या त्वचेच्या तेलात स्क्वालीन नावाचा घटक भरपूर असतो आणि तो बर्फाला धरून ठेवतो. अस्वलाच्या तेलात तो जवळपास नाहीच. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं. बर्फावर पावलांचा आवाज होऊ नये म्हणून ते अस्वलाच्या कातड्याचे तुकडे बुटांच्या तळाला लावत. प्रयोगशाळेने त्याचं कारण शोधलं, एवढंच.

रंकाळा_कट्टा

हे भारी आहे. आम्ही उगाच तेल लावणाऱ्यांना नावं ठेवतो.

उत्तरेकडे

मंडळी, उशिरा आलो. मूळचा कसबा बावड्याचा, आता बरीच वर्षं कॅनडात विनिपेगला. ध्रुवीय अस्वलांसाठी प्रसिद्ध असलेलं चर्चिल गाव आमच्याच प्रांतात, म्हणजे मॅनिटोबात. जाऊन आलोय, म्हणून थोडं लिहितो.

चर्चिलला रस्ता जात नाही. विमान नाहीतर विनिपेगहून रेल्वे, आणि ती रेल्वे आपल्या पॅसेंजरला लाजवेल इतकी निवांत. ऑक्टोबरच्या शेवटी गेलं की गावाभोवती अस्वलंच अस्वलं. मलाही आधी वाटायचं की थंडीने हैराण होऊन गावाकडे येत असतील. उलटं आहे! ती थंडीची वाट बघत असतात. हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात, साधारण जुलैच्या सुमाराला, पूर्ण वितळतो. मग सगळ्या अस्वलांना नाइलाजाने जमिनीवर यावं लागतं. बर्फ पुन्हा धरतो नोव्हेंबरात. चर्चिल नदीचं गोडं पाणी तिथं समुद्राला मिळतं आणि खाऱ्या पाण्याआधी ते गोठतं, म्हणून त्या भागात बर्फ लवकर तयार होतो. अस्वलांना ते ठाऊक आहे. आम्ही मोठ्या चाकांच्या गाडीतून पाहिलं, ती किनाऱ्यावर नुसती लोळत पडलेली, अधूनमधून एखादं उठून पाण्याच्या कडेला जाऊन वास घेऊन परत येतं.

तेव्हा धाग्याचं नाव बदला म्हणतो मी. हिवाळा ही त्यांची सुगी, उपास असतो उन्हाळ्यात. उन्हाळा कसा काढतात ते विचारा.

शंकासुर

थांबा. सुगी म्हणता, मग हिवाळा संपताना अस्वलं गुबगुबीत दिसायला हवीत. दिसतात का?

अळवाची_वडी

शंकासुर यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. उत्तरेकडे, तुमचं अर्धं पटलं. उपास उन्हाळ्यात, हे खरं. पण पोट खऱ्या अर्थाने भरतं ते हिवाळ्यात नाही, हिवाळा सरताना आणि वसंतात. एप्रिलच्या आसपास रिंग्ड सीलची पिल्लं जन्मतात, बर्फावर साचलेल्या हिमाखालच्या छोट्या घळीत. अस्वलाला वास लागतो, मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या दोन पंजांनी छत फोडतं. अनुभव नसलेली, गुटगुटीत पिल्लं, याहून सोपी शिकार वर्षभरात नाही. एप्रिल ते जूनमध्ये ते वर्षाची बेगमी करतं.

ऐन हिवाळ्यात बर्फ जाड होतो, सील विखुरलेले, वादळं चालू. बऱ्याच भागांत मार्चच्या शेवटी अस्वलं सर्वांत हडकुळी असतात. म्हणजे हिवाळा सुगी नव्हे आणि उपासही नव्हे. मिळेल तेवढं मिळवत तगून राहायचं, असा तो काळ.

उत्तरेकडे

ताई, मान्य. मी फक्त नोव्हेंबर बघितला, त्यावरून वर्षाचा अंदाज बांधला.

पैलवान_५७

रोजचा खुराक किती लागतो मग?

अळवाची_वडी

त्याचंही मोजमाप झालं आहे. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात संशोधकांनी एप्रिल महिन्यात नऊ माद्यांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधले, रक्त-लघवीच्या चाचण्या केल्या. २०१८ साली निष्कर्ष आले: दिवसाला सरासरी १२,३२५ किलोकॅलरी खर्च. आधी धरून चाललेल्या अंदाजाच्या १.६ पट. हिशोब असा निघाला की दर दहा-बारा दिवसांनी एक मोठा रिंग्ड सील तरी हाती लागायला हवा. नऊपैकी निम्म्याहून जास्त माद्यांचं वजन त्या थोड्याशा दिवसांतही घटलं, आणि ते ऐन शिकारीच्या मोसमात.

भोकाशी बसून वाट बघणारा प्राणी फार ऊर्जा खर्चत नसेल असं पूर्वी धरायचे. तसंच, उन्हाळ्यात खायला नसलं की ते चालता-बोलता शीतनिद्रेत जातं, अशीही एक समजूत होती. २०१५ च्या अभ्यासाने ती खोडली: उन्हाळ्यात त्यांची हालचाल आणि तापमान थोडं उतरतं, पण भुकेल्या कुठल्याही सस्तन प्राण्याचं उतरतं तितकंच. काटकसरीचं वेगळं बटण त्यांच्याकडे नाही. जे काही आहे ते अंगावरच्या चरबीत.

उत्तरेकडे

आणि तिथंच आमच्याकडची काळजी आहे. पश्चिम हडसन उपसागरात १९८० च्या दशकाच्या तुलनेत बिनबर्फाचे दिवस तीन-चार आठवड्यांनी वाढलेत. विमानातून केलेल्या गणतीत २०१६ मध्ये या भागातल्या अस्वलांचा अंदाज ८४२ होता, २०२१ मध्ये ६१८. गरोदर मादीची तर परीक्षाच. बाकीची नोव्हेंबरात बर्फावर पळतात, ती मात्र मागे राहते आणि बाळंत होते. उन्हाळ्यात जमिनीवर आली ती थेट मार्चमध्ये पिल्लं घेऊन समुद्राकडे निघते. आठ महिने पोटात काही नाही आणि त्यात दोन जिवांना दूध.

या माद्यांच्या गुहा पण वेगळ्या. चर्चिलच्या दक्षिणेला वापुस्क राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं नद्या-तळ्यांच्या काठाला कायम गोठलेल्या मातीत उकरलेली बिळं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली. उन्हाळ्यात त्यांत गारवा मिळतो, हिवाळ्यात वर बर्फ पडला की तीच बाळंतिणीची खोली.

दाजीपूरकर

जगात एकूण किती उरलीत?

अळवाची_वडी

अंदाज साधारण २६,००० चा, २२ ते ३१ हजारांच्या मध्ये. कॅनडा, अलास्का, रशिया, ग्रीनलंड आणि नॉर्वेचं स्वालबार्ड एवढ्याच ठिकाणी. हे प्रदेश ज्यांच्याकडे आहेत त्या पाच देशांनी १९७३ साली संवर्धनाचा करार केला, तोवर बेसुमार शिकार चालायची. सगळीकडची स्थिती सारखी नाही, हेही सांगायला हवं. काही टोळ्या टिकून आहेत, काही घसरताहेत. २०२२ मध्ये आग्नेय ग्रीनलंडमधल्या एका निराळ्या गटाबद्दल प्रसिद्ध झालं. तिथं समुद्राचा बर्फ वर्षातले जेमतेम चार महिने असतो, तर ती अस्वलं हिमनद्यांतून तुटून पडलेल्या गोड्या बर्फावरून शिकार करतात. पण असे समुद्रात उतरणारे हिमनद थोड्याच ठिकाणी आहेत, त्यामुळे सगळ्यांना हा मार्ग नाही.

जोतिबाचा_गुलाल

अंटार्क्टिकाला नेऊन सोडा की मग. तिकडं बर्फ भरपूर.

शंकासुर

आणि पेंग्विनांनी काय करायचं? त्यांनी जमिनीवरचा शिकारी कधी बघितलेला नाही, रांगेत उभे राहतील.

भौतिकचा_मास्तर

आपल्या देशाचा संबंधही सांगून टाकतो. स्वालबार्डला न्यू-अलेसुंडमध्ये भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. आधी आपले लोक तिथं मुख्यतः उन्हाळ्यात जायचे. डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहीमही सुरू झाली, म्हणजे पूर्ण अंधारातही माणसं तिथं असतात. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ बाळगणं बंधनकारक आहे. आणि अस्वलाच्या जवळ जायलाही बंदी: २०२५ पासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर अंतर ठेवायचं. ताईंनी सांगितलेला शिकारीचा मोसम तो हाच.

रंकाळा_कट्टा

चर्चिलमध्ये गावात शिरलं तर काय करतात हो?

उत्तरेकडे

फोन लावायचा एक ठरलेला नंबर आहे, प्रांत सरकारची माणसं गाडी घेऊन येतात. आधी फटाक्यांसारखे आवाज करून पळवतात. ऐकलं नाही तर पिंजऱ्यात पकडून एका मोठ्या शेडमध्ये ठेवतात, लोक त्याला अस्वलांचा तुरुंगच म्हणतात. आत खायला देत नाहीत, पाणी किंवा बर्फ तेवढा. गावात आलं की खायला मिळतं अशी सवय लागू नये म्हणून. तशीही ती त्या काळात उपाशीच असतात. मग समुद्र गोठला की सोडायचं, किंवा हेलिकॉप्टरखाली जाळ्यात टांगून लांब नेऊन ठेवायचं. आणि हो, गावातले बरेच लोक गाडीला कुलूप लावत नाहीत, समोर अस्वल आलं तर कुणालाही आत शिरता यावं.

शंकासुर

एक शेवटची शंका. मास्तर म्हणाले अस्वल थर्मल कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि गुहेतली मादी तर बर्फाखाली. मग तेलवाल्या कंपन्या अलास्कात रस्ते करताना खाली बाळंतीण आहे हे ओळखतात कसं?

भौतिकचा_मास्तर

दुखणं नेमकं तेच. गुहेच्या छतातून थोडी ऊब झिरपते, तिथला बर्फ आजूबाजूच्यापेक्षा किंचित गरम असतो. विमानाला थर्मल कॅमेरा लावून तो ठिपका हुडकतात. पण छत जाड असेल, वारा असेल, हिम उडत असेल तर काहीच दिसत नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अनेक वर्षांच्या अशा पाहण्या २०२० साली कुणीतरी नीट तपासल्या, तर असलेल्या गुहांपैकी निम्म्यासुद्धा सापडल्या नव्हत्या, ४५ टक्केच.

अळवाची_वडी

म्हणून आता विमानातून रडार लावून बर्फाखालचं बघता येतं का, याचे प्रयत्न चालू आहेत. तोवर जुना उपाय: साचलेल्या बर्फाचे उतार, नदीकाठ, किनाऱ्याचे कडे अशा गुहायोग्य जागा नकाशावर आधीच काढून ठेवायच्या आणि हिवाळ्यात तिकडे यंत्रं न्यायची नाहीत. मार्चच्या आधी पिल्लांसकट हुसकली गेली तर आई जगते, पिल्लं जगणं कठीण.

शंकासुर

समजलं. रडारचं काही छापून आलं तर इथंच टाका.